मदत हवी आहे: कोहलीचा फॉर्म गेला की खेळपट्टीच तशी?

मंडळी, 2024 ची न्यूझीलंडविरुद्धची कसोटी मालिका पुन्हा बघतोय आणि एका जागी अडलोय. कोहलीच्या सहा डावांत 93 धावा, त्यातल्या 70 एकाच डावात. पण बंगळुरूत ढगाळ हवेत अख्खा भारतीय संघ 46 वर आटोपला, पुण्याजवळ गहुंज्याला त्यांचा फिरकीपटू सँटनरने 13 बळी घेतले. मग एकट्याचा फॉर्म वाईट कसा म्हणायचा?

उलट वानखेडेवर 147 चा पाठलाग करताना सगळे मिळून 121, त्यात पंतच्या 64! म्हणजे धावा होत होत्या. आणि गहुंज्याला कोहली फुलटॉसवर, म्हणजे टप्पा न पडता आलेल्या चेंडूवर, त्रिफळाचीत झाला, तिथे खेळपट्टीला दोष देववत नाही.

तुम्ही खेळपट्टीचा वाटा कसा वजा करता? त्याच सामन्यातल्या इतरांच्या धावांशी तुलना करून, की बाद होण्याची पद्धत बघून? सहा डाव पुरेसे असतात का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.