मदत हवी आहे: चिमूर १९४२ नंतरच्या अत्याचारांची सरकारी कागदपत्रं कुठं मागायची?

नमस्कार मंडळी. मी चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. 'चले जाव' चळवळीत गोळीबार झाला, जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीस मारले गेले, खटले चालले. फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेवर आल्या. एवढं कुठंही वाचायला मिळतं.

मला हवं आहे ते त्यानंतरच्या दिवसांचं. फौज आली, पुरुषांना धरून नेलं आणि मागं राहिलेल्या बायांवर अत्याचार झाले. याच्याच चौकशीसाठी गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. १२ जानेवारी १९४३ ला ते सुटलं. ब्रिटिश सरकार चौकशीला तयार नव्हतं, बातम्यांवरही बंदी होती. माझी पणजी तेव्हा चिमुरातच होती. ती त्या दिवसांबद्दल शेवटपर्यंत बोलली नाही. शहीद दिनाला स्मारकावर हार चढतात, भाषणं होतात, आणि या बायांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. हे मला सहन होत नाही.

फौज पाठवल्याचे हुकूम, बायांच्या तक्रारी आणि जबान्या, चांद्याहून (आताचं चंद्रपूर) नागपूरच्या सचिवालयात गेलेले अहवाल, असे कागद हवे आहेत. एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज दिला होता. "अभिलेख आढळून येत नाही", एवढंच उत्तर. तोंडी सांगितलं, बायांचा विषय आहे, खासगी माहिती देता येत नाही. आता अपील करू की दुसरीकडे अर्ज टाकू? १९५६ ला आपण विदर्भवाले मध्य प्रदेशातून निघालो तेव्हा काही फायली तिकडंच राहिल्या असतील का? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, अपील आधी करा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नका. वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. खासगी माहितीचं कारण इथं टिकत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) बघा: २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावीच लागते, अपवाद फक्त देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं यांचा. तरी त्या बायांची नावं झाकून प्रती द्या, असं कलम १० खाली तुम्हीच लिहा. त्यांच्या घरच्यांना त्रास नको. कागद सापडत नसेल तर शोध कुठं घेतला आणि नष्ट केला असेल तर नाशनाची नोंद कुठं आहे, हेही विचारा.

दुसरं, मध्य प्रांत-वऱ्हाडचं जुनं दप्तर नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात आहे. तिथं अर्जापेक्षा स्वतः जाऊन सूची चाळणं बरं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृह विभागाच्या राजकीय फायली 'अभिलेख पटल' संकेतस्थळावर शोधता येतात. जुनी इंग्रजी स्पेलिंगं टाकून बघा, चंद्रपूर टाकलं तर हाती काही लागणार नाही, 'Chanda' टाका.