जुनी टाटामोबाईल मागून दोन इंच खाली घ्यायची आहे

कापूसवाला, दारव्हा:
बाबांची 1992 ची टाटामोबाईल 206 पिकअप पुन्हा चालू केली. कापूस वाहणं बंद, त्यामुळे रिकामी गाडी मागून शेपूट वर केल्यासारखी दिसते. गावातला मिस्त्री म्हणतो, मागच्या स्प्रिंगमधले दोन पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) काढून टाकू. काढू का?

पाटेवाला, वणी:
नका काढू भाऊ. एका जीपचे मी असेच काढले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी मालकानं सरकीची पोती टाकली, अन् टायर मडगार्डले घासून जळला. तो वास अजून नाकात आहे.

आधी खाली वाकून पाहा. पाटा ॲक्सलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या दांड्याच्या) खाली असंन तर मधात लोखंडी ठोकळा टाकून गाडी खाली येते. वर असंन तर त्याच ठोकळ्यानं उलट उंच होते! मंग पाट्यांची कमान कमी करून घ्या, भट्टीवाल्याकडून, गल्लीतल्या हातोड्यानं नाही. पाटे ॲक्सलले आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच टाका, दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. गाडी दबल्यावर ॲक्सल ज्याले टेकते तो रबरी स्टॉपर अन् ॲक्सलमधी जागा राहिली पाहिजे.

अमरावतीकर:
आरटीओत आधी विचारा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबाबतच आहे.

कापूसवाला, दारव्हा:
पाह्यलं. पाटा वरच आहे. अन् आमच्या पांदणीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल राहते, हे तर इसरलोच होतो. एक इंचच करतो, राजेहो.