मदत हवी आहे : कायटोसानच्या लेपानंतर गॉज पाणी शोषत नाही

विटा (जि. सांगली) येथील यंत्रमागावर विणलेल्या सुती गॉजला जखमेच्या ड्रेसिंगसाठी जिवाणूरोधक बनवण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे. खळ काढून, कॉस्टिकमध्ये उकळून आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन केलेले कापड पाण्यावर टाकताच पाच-सहा सेकंदांत बुडते, म्हणजे शोषक गॉजसाठीच्या १० सेकंदांच्या मर्यादेत सहज बसते. त्याच कापडावर १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवलेले १ टक्का कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारा जिवाणूरोधक पदार्थ), सायट्रिक ॲसिड (लेप कापडाला जोडून ठेवण्यासाठी) व सोडियम हायपोफॉस्फाइटसह (त्या क्रियेचा उत्प्रेरक) पॅडिंग मँगलवर (कापड द्रावणात बुडवून रुळांमध्ये पिळणारे यंत्र) चढवून, वाळवून, १६० अंश सेल्सिअसवर तीन मिनिटे क्युअर केले (म्हणजे उष्णतेने लेप पक्का केला), की घडी दीड मिनिट पाण्यावर तरंगत राहते, नुसत्या कडा ओल्या होतात आणि हाताला ती कांजी केल्यासारखी कडक लागते.

कायटोसान अर्धा टक्का केल्यावर बुडण्याचा वेळ चाळीस सेकंदांवर आला. उरलेले ॲसेटिक ॲसिड काढण्यासाठी सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) धुतल्यावर मात्र तो पुन्हा वाढला, आणि हेच मला सर्वांत बुचकळ्यात टाकणारे वाटते. क्युअरिंग १४० अंशांवर आणले, तर लेप धुण्यात टिकत नाही.

कापड थेट जखमेवर जाणार असल्याने वेटिंग एजंट (कापड लवकर भिजवणारे रसायन) किंवा सॉफ्टनर चालणार नाही. निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी करायचे ठरले आहे, त्यामुळे कायटोसानच्या साखळ्या काही प्रमाणात तुटणार हे गृहीत धरले आहे.

अशा स्थितीत कमी रेणुभाराचे (म्हणजे आखूड साखळ्यांचे) कायटोसान घ्यावे, सायट्रिक ॲसिडचे प्रमाण घटवावे, की सोडा ॲशची धुलाईच वगळून ॲसेटिक ॲसिडचा अंश दुसऱ्या मार्गाने काढावा?