व्हिटॅमिन डी च्या गोळ्या आईला किती दिवस द्यायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईचं वय ६४, गेले काही महिने कंबर आणि मांड्या दुखतात, जिना चढताना पायात जोरच राहत नाही म्हणते, म्हणून ब्लड टेस्ट केली तर व्हिटॅमिन डी ११ आलं (२० च्या खाली म्हणजे कमतरता धरतात). डॉक्टरांनी आठ आठवडे आठवड्यातून एकदा हाय डोसची गोळी दिली, ती जेवणानंतर घ्यायची कारण हे व्हिटॅमिन फॅटमध्ये विरघळतं. कोर्स संपला, दुखणं बरंच कमी झालंय, खरंच बरं वाटतंय बघून.

आता प्रश्न पुढचा. रोज १००० आययू (व्हिटॅमिनचा डोस मोजायचं एकक) कायम चालू ठेवायचं का? कारण मी वाचलं की अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी ट्रायल झाली, जवळपास २६ हजार लोक, रोज २००० आययू, आणि त्यात कॅन्सर, हार्ट अटॅक किंवा फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. पण त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हतीच ना, मग आईसारख्यांना ते कसं लागू होईल?

दुसरी भीती म्हणजे जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि आईला आधी एकदा मुतखडा होऊन गेलाय, कॅल्शियमची गोळी पण चालू आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणारच आहोत, पण कोणाच्या घरी असंच झालं असेल तर परत टेस्ट किती महिन्यांनी केली आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू ते प्लीज सांगा.