विझर्डला जोड कुणाची द्यावी: क्लेरिक, ड्रुइड की आणखी काही?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (पात्रं रंगवून फाशांवर खेळायचा) खेळ पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांवर चालतो. माझी हाय एल्फ वंशाची विझर्ड (जादूगार) चौथ्या लेव्हलवर आहे. इंटेलिजन्स १८, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विझडम १३, करिष्मा १०, स्ट्रेंग्थ ८. बाकी टोळीत फायटर, रोग आणि बार्बेरियन, म्हणजे जखमा भरणारं कुणीच नाही. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मल्टिक्लासला, म्हणजे एकाच पात्राने दुसऱ्या क्लासच्याही लेव्हल घ्यायला, परवानगी दिली आहे. मला शेवटपर्यंत विझर्डच राहायचंय, पण हिट पॉइंट शून्यावर गेलेल्याला उभं करता आलं पाहिजे. पाचवी लेव्हल क्लेरिकची (देवाचा पुजारी) घेऊ की ड्रुइडची (निसर्गाची जादू करणारा)? आणि दोन कास्टर (जादू करणारे क्लास) एकत्र आले की स्लॉट (स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायच्या मोजक्या जागा) कसे मोजायचे, तेही सांगा.

कंदील:
आधी स्लॉट, कारण गोंधळ तिथेच होतो. विझर्ड, क्लेरिक, ड्रुइड, बार्ड, सॉर्सरर यांच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलाडिन-रेंजरच्या निम्म्या, आणि बेरजेवर मल्टिक्लासचा तक्ता बघायचा. वॉरलॉकचे स्लॉट वेगळेच राहतात. विझर्ड ४ आणि क्लेरिक १ मिळून पाचवी ओळ: पहिल्या पातळीचे ४, दुसरीचे ३, तिसरीचे २ स्लॉट.

स्पेल कोणत्या मिळणार, हे मात्र प्रत्येक क्लासचं स्वतंत्र ठरतं. चार लेव्हलच्या विझर्डला दुसऱ्या पातळीपर्यंतच्याच स्पेल तयार करता येतात. म्हणजे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट मोकळे आणि फायरबॉल, काउंटरस्पेल, फ्लाय यांपैकी काहीच नाही. स्कॉर्चिंग रे वरच्या स्लॉटमधून टाकता येईल, पण त्याने ती उणीव भरत नाही. पाचव्या लेव्हलला विझर्डची ताकद एकदम वाढते, ती पुढे ढकलू नका. पाचवी विझर्डचीच घ्या, सहावी दुसऱ्या क्लासची.

सहाव्याला क्लेरिकची एकच लेव्हल, लाइफ डोमेन (क्लेरिकची जखमा भरणारी शाखा). ब्लेस आणि क्युअर वून्ड्स कायम तयार असतील. शिवाय विझडमचा १ आणि लेव्हलचा १ मिळून आणखी दोन स्पेल, त्यातली एक हीलिंग वर्ड. ती बोनस अॅक्शनने, म्हणजे टर्नमधली मुख्य अॅक्शन न घालवता, टाकता येते; पल्ला ६० फूट. लाइफ डोमेनमुळे पहिल्या पातळीच्या हीलिंग स्पेलला ३ जास्त मिळतात. पडलेला माणूस उभा राहायला एवढं पुरतं. फक्त लक्षात ठेवा: ज्या टर्नला हीलिंग वर्ड टाकाल, त्या टर्नला सोबत कॅन्ट्रिपच (स्लॉट न लागणारी साधी स्पेल) टाकता येते, फायरबॉल नाही.

क्लेरिकच्या ज्या स्पेलवर शत्रू सेव्ह करतो (फासा टाकून वाचायला बघतो), त्या घेऊ नका. सहाव्या लेव्हलला तुमचा विझर्डचा डीसी (शत्रूला सेव्हसाठी गाठावा लागणारा आकडा) १५ आणि क्लेरिकचा १२ असेल.

रानवाट:
ड्रुइडकडेही हीलिंग वर्ड आहे, पण एका लेव्हलसाठी तो घेऊ नये असं माझं मत. क्लेरिकच्या चिलखतामुळे विझर्ड टिकतो, ते खरं कारण. मेज आर्मर स्पेलने तुमचा एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १५. साध्या स्केल मेल आणि ढालीने तोच १८, वर शील्ड स्पेल टाकली तर २३. स्केल मेलची किंमत ५० सोन्याची नाणी, म्हणजे तुम्हाला परवडेल. लाइफ डोमेनचं जड चिलखत मात्र नको: स्ट्रेंग्थ ८ वर चेन मेल घातलं तर चाल १० फुटांनी घटते.

तांबडीमाती:
टॅशाच्या पुस्तकातला (नियमांची पुरवणी) आर्टिफिसर हा क्लास तुमच्या टेबलवर चालतो का, ते डीएमला विचारा. मला तोच सर्वांत चांगला वाटतो, कारण त्याच्या स्पेलही इंटेलिजन्सवर चालतात. पहिल्याच लेव्हलला मध्यम चिलखत, ढाल, आणि क्युअर वून्ड्स १डी८+४ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ४). मल्टिक्लासच्या बेरजेत त्याची निम्मी लेव्हल वरच्या आकड्याकडे धरतात, त्यामुळे एकाही स्लॉटचं नुकसान नाही. हीलिंग वर्ड त्याच्या यादीत नाही, ही एकच अडचण. क्युअर वून्ड्स स्पर्शाने होते, म्हणजे विझर्डला पुढच्या फळीत जावं लागेल.

कंदील:
ती अडचण मला मोठी वाटते. तिघेही जवळून लढणारे आहेत. पडतील ते शत्रूच्या घोळक्यातच, आणि तिथे जाऊन पूर्ण अॅक्शन घालवणं विझर्डला परवडत नाही. टोळीत दुसरा हीलर असता तर मीही आर्टिफिसरच सुचवला असता.

जुनापाट:
तिसऱ्या आवृत्तीत हीच जोडी फार दुबळी होती. तिथे दोन्ही क्लासच्या स्पेल अगदी वेगळ्या राहत, म्हणून मिस्टिक थर्ज हा प्रेस्टीज क्लास (अटी पूर्ण केल्यावरच मिळणारा खास क्लास) आणावा लागला होता. आता निदान स्लॉटची बेरीज होते, तेव्हा बिनधास्त घ्या. पण पुढे कधी २०२४च्या नियमांवर गेलात तर तिथे डोमेन तिसऱ्या लेव्हलला मिळतं, एका लेव्हलमध्ये लाइफ डोमेन येणार नाही.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाचवी विझर्ड, सहावी लाइफ क्लेरिक असं ठरवलं. एक शंका उरली: एका हातात ढाल, दुसऱ्यात वाँड (जादूची कांडी), मग हातवाऱ्याच्या स्पेलचं काय?

रानवाट:
वाँड सोडा, कंबरेला कम्पोनंट पाऊच (स्पेलच्या साहित्याची पिशवी) ठेवा आणि तो हात रिकामा ठेवा. शील्ड स्पेलला शब्द आणि हातवारा लागतो, साहित्य नाही, म्हणून हातात वाँड असली तर नियमाप्रमाणे ती टाकता येत नाही. हीलिंग वर्डला फक्त शब्द लागतात, तिची काळजी नको. पुढे आठव्या विझर्ड लेव्हलला, म्हणजे एकूण नवव्या लेव्हलला, वॉर कास्टर हे फीट (जादा कौशल्य) घ्या. हाताचा प्रश्न मिटतो आणि मार खाताना चालू स्पेलवरचं कॉन्सन्ट्रेशन टिकवायलाही अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) मिळतो.