कुठली वस्तू कुठं, कुठली वाट कुठं: तुमच्या घरात कोणाच्या लक्षात राहतं?

कुंभारगल्लीची लेक: मुलगी आठवीच्या शिष्यवृत्तीला बसलीय. बुद्धिमत्ता चाचणीत घन फिरवायचे, आरशातल्या आकृत्या ओळखायच्या. परवा क्लासचे सर म्हणाले, "मुलींना आकृत्या जरा जडच जातात." पोरगी घरी येऊन गप्प बसली. मला कोल्हापूरचा २०१९ चा पूर आठवला.

शाहूपुरीत माहेरच्या घरात कमरेवर पाणी. आई-वडील राजारामपुरीत मावशीकडं. भाऊ बोटीतनं गेला, घरात अंधार, फोन कानाला. आई डोळे मिटून सांगत होती, "मधल्या खोलीतलं फडताळ. वरनं दुसरा कप्पा. पुढं लोणच्याची बरणी, मागं पत्र्याचा डबा. डब्याखाली पेपर अंथरलाय, त्याच्याखाली हात घाल." घराची कागदपत्रं तिथंच होती, कोरडी. वडील चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेले, पण त्यांना "कपाटात बघ" एवढंच सांगता येत होतं.

तुमचंही लिहा. पोरीला वाचून दाखवणार आहे.

सासर मंगळवार पेठ: बरणीपाशी डोळ्यात पाणीच आलं बघा. आई बऱ्या आहेत ना आता?

रोज अंबाबाई: देवळात गर्दी असली की आम्ही वेगवेगळे बाहेर पडतो. मी म्हणते घाटी दरवाजा, हे म्हणतात "उत्तरेचा ना?" मी वाट खुणांनी धरते, फुलवाली, मग ओटीचं दुकान, मग पायऱ्या. हे दिशेनं चालतात. किरणोत्सवाच्या गर्दीतसुद्धा दोघं बरोबर एका जागी भेटलोय.

मानसशास्त्र शिकवते: पेपर तपासता तपासता लिहितेय. घन मनात फिरवायचा प्रसिद्ध प्रयोग शेपर्ड आणि मेट्झलर यांचा, १९७१ चा. आकृती जितक्या जास्त कोनात फिरलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. अशा चाचण्यांत पुरुषांची सरासरी वर येते. पण १९९२ मध्ये सिल्व्हरमन आणि ईल्स यांनी मांडलेल्या वस्तूंच्या जागा आठवायला लावल्या, त्यात बायका पुढं. म्हणजे तुमच्या आईचं फडताळ. आणि सरासरीवरनं एका पोरीचं काहीच ठरत नाही! २००७ मध्ये टोरांटोत मुलामुलींना फक्त १० तास ॲक्शन व्हिडिओ गेम खेळायला दिला, तर आकृती फिरवण्यात मुली मुलांपेक्षा जास्त सुधारल्या. सरावाचा भाग मोठा आहे. सरांना हे जरूर सांगा.

ब्लाउज गंगावेश: घन फिरवणं म्हणजे काय ते मला विचारा. ८० सेंटीमीटरचं पीस, त्यात पाठ, बाही, पट्टी आणि छातीवरची गोल कटोरी, ती उरेबवर, म्हणजे कापड तिरकं धरून. आधी कागदाचे तुकडे कापडावर मांडते. बाही उलटी फिरवून कटोरीच्या बगलेत बसली तर पट्टी निघते, नाही तर जोड द्यावा लागतो. खडू उचलायच्या आधी सगळं डोळ्यापुढं फिरवून झालेलं असतं. तीस वर्षं हेच करतेय, आणि मुलींना आकृत्या जड जातात म्हणे!

रिक्षा स्टँड दसरा चौक: ताई, खरंय. माझी थोरली सहावीपासनं सायकलवर एकटी फिरते, पापाची तिकटी ते रंकाळा सगळे बोळ पाठ. धाकटीला आम्ही भीतीनं सोडलंच नाही, ती अजून विचारत जाते. दोघी माझ्याच पोरी. चूक आमची हाय. यंदा तिलापण सायकल घेणार.

सासर मंगळवार पेठ: दादा, घ्याच. @ब्लाउज गंगावेश, कटोरी शिकवता का? माझी नेहमी काखेत ओढते.

कुंभारगल्लीची लेक: आई बरी आहे, ठणठणीत. पोरीला सगळं वाचून दाखवलं. बटाटा चौकोनी कापून त्याच्यावर पेनानं ठिपके काढून बसलीय, फिरवतेय आणि वहीत काढतेय. आजी शेजारी बसून सांगतेय, "आता तीन ठिपके खाली गेले."

ब्लाउज गंगावेश: @सासर मंगळवार पेठ, ओढते म्हणजे उरेब चुकतोय. एक जुना ब्लाउज घेऊन या. कापडाचा पन्हा किती आहे?