'फुए' म्हणजे गेले की होते?

रावपुऱ्याची आत्या:
लेक स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असते, जावई तिथलाच. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून साठीला टेकल्यावर मी स्पॅनिश घेऊन बसलेय. 'इर' म्हणजे जाणे. वर्तमानकाळ पाठ झाला: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान (लिहिताना व्ही, म्हणताना ब). 'जायचे' वाला भूतकाळही जमला: इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान. घोडं अडलंय साध्या भूतकाळात. फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. आणि 'सेर', म्हणजे असणे, त्याचीही हीच सहा रूपं! मला आधी छपाईची चूक वाटली. 'फुई' तेवढं चटकन बसलं, कारण बडोद्यात निम्मी गल्ली मला फोईच (गुजरातीत आत्या) म्हणते.

परवा विहीणबाईंनी लिहिलं, 'मी पाद्रे फुए मेदिको.' मी वाचलं, 'माझे वडील डॉक्टरकडे गेले.' लगेच विचारलं, आता बरे आहेत ना? लेकीचा फोन आला. "आई, ते डॉक्टर होते. आणि त्यांना जाऊन वीस वर्षं झाली." तेव्हापासून व्हॉट्सॅप उघडायचा धीर होत नाही. हे ओळखायचं कसं?

लीलो चिवडो:
गेले असते तर 'फुए आल मेदिको' आलं असतं. 'आल' म्हणजे 'आ' अधिक 'एल'. तो 'आ' म्हणजे आपला 'ला' किंवा 'कडे' समजा. 'आ' नाही तर जाणं नाही.

वाडीवाला:
चिवडोभाई, एवढ्यावर विसंबू नका. 'ला बोदा फुए आ लास थिंको' यात 'आ' आहे, तरी अर्थ 'लग्न पाचला होतं'. लग्न कुठे चालत जातंय? उलट 'फुई कोन मी एर्माना' यात 'आ' नाही, पण 'बहिणीबरोबर गेले'. आत्या, आधी कर्ता बघा, तो जाऊ शकतो का. मग पुढचा शब्द. आणि 'से फुए' दिसलं की बहुतेक निघूनच गेला.

रूपं अशी का, तर या एका क्रियापदात लॅटिनची तीन बिऱ्हाडं आहेत. 'इबा' हे 'ईरे'चं, 'बोय' हे 'वादेरे'चं आणि 'फुई' तर 'एस्से'कडून, म्हणजे असण्याकडूनच, उचललेलं. आपण तरी 'जातो' नि 'गेलो'च म्हणतो, 'जायलो' नाही. 'जा' संस्कृत 'या'चा, 'गेलो' 'गम्'चा. गुजरातीतलं 'जाय' नि 'गयो' तसंच.

रावपुऱ्याची आत्या:
कर्ता बघायचं पटलं. पण दोन अर्थ एकाच शब्दात, बोलताना त्यांचा गोंधळ होत नाही?

दांडिया बाजार:
आपला होतो का? 'मी शिक्षिका होते' आणि 'पोरगी यंदा शिक्षिका होते'. एक झालं गेलं, दुसरं अजून व्हायचंय. माझी गुजराती सून या 'होते'वरून मला रोज छळते, आणि मला तोवर त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं.

रावपुऱ्याची आत्या:
अगं बाई, खरंच की! मघाशी हिय्या करून विहीणबाईंना लिहिलं, 'मी पाद्रे फुए माएस्त्रो', माझे वडील मास्तर होते. दोन मिनिटांत उत्तर: 'या एस्ता मेहोर?' आता बरे आहेत का? आणि पुढे हसून लोळणारे तीन चेहरे.